खांदाचोर बेरीज

इंजिनिअर वाल्देनेब्रो जिना चढून यायचे तेव्हा आधी त्यांचं अत्तर वर पोचायचं, मग त्यांचा आवाज, आणि सगळ्यात शेवटी, काही उरलंच असेल तर, त्यांचं काम. नुबिया ञाञेस हा क्रम पुरता ओळखून होती. अत्तर आलं की ती खिडकी उघडायची, आवाज आला की तिंतो, म्हणजे काळी कॉफी, ओतून घ्यायला उठायची, आणि कामाची वाट बघणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

पोपायान शहरातल्या 'ला पोसादा' या अंत्यविधीच्या कंपनीत नुबियाचं उभं आयुष्य गेलं. खाली दर्शनी दालनात शवपेट्या, फुलं, रडारड. वर मागच्या खोलीत ती आणि तिचं यंत्र. यंत्र मधल्या चणीचं. टेबलावरच्या संगणकाइतकं लहान नाही, मोठ्या बँकांच्या अवाढव्य धुडाइतकं मोठंही नाही. काळ्या कपाटाएवढं, धंद्यापाण्यासाठीच जन्माला आलेलं. स्वभावानं मुरलेल्या स्वयंपाकिणीसारखं: बोलणं कमी, काम बिनचूक, आणि आपल्या भांड्यांना दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा नाही. कंपनीच्या कबरस्तानातला एकूण एक मृत माणूस त्याच्या पोटात होता. कोण, केव्हा गेला, कुठल्या भिंतीतल्या कुठल्या कोनाड्यात आहे, मागे कोण आहे.

ते यंत्र आता जायचं होतं. त्याच जातीचं नवं यंत्र काली या दुसऱ्या शहरात बसवलं होतं. सगळ्या फाइली तिकडे न्यायच्या, दोन्हीकडच्या तंतोतंत सारख्या आहेत याची खात्री करायची, नुबियानं तशी सही द्यायची, आणि ईस्टरआधीचा पवित्र सप्ताह लागण्याआधीच्या शुक्रवारी जुन्या तबकड्या कोऱ्या करून टाकायच्या. इथवर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. बिघडणार होतं ते पुढे. ईस्टर झाला की कबरस्तानातली सांत रोकेची भिंत पाडायची होती. मागच्या मोठ्या भूकंपापासून ती पोटातून फुटलेलीच होती. त्या भिंतीतल्या अस्थी नव्या भिंतीत हलवायच्या, आणि कुठल्या अस्थी कुणाच्या ते नवं यंत्र सांगणार. ज्याचं नाव नातेवाइकांनी कळवलेल्या नावाशी जुळेल त्याला नवा कोनाडा. ज्याचं जुळणार नाही तो बेवारस; त्याची रवानगी सामाईक खड्ड्यात. खड्ड्यातून पुन्हा कुणी कुणाला वेगळं काढत नाही.

त्या भिंतीत वरच्या ओळीत नुबियाची आई होती. रोसा एल्विरा ञाञेस.

आता फाइली सारख्या आहेत हे ठरवायचं कसं? शेजारी शेजारी ठेवून वाचत बसलं तर वाचणाराच कबरस्तानात पोचेल. म्हणून चेकसम काढतात. यंत्राच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. फाइलीतले सगळेच्या सगळे आकडे ठरलेल्या रीतीनं घुसळायचे, की तळाशी एक छोटीशी खूण उरते. कुठं एक अक्षर जरी हललं तरी खूण पार बदलते. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या की फाइली जुळल्या. साधं काम. फाइली नेण्यासकट हे साधं काम कंपनीचे मालक डॉन लाउरेआनो यांनी इंजिनिअर वाल्देनेब्रोंवर सोपवलं होतं, कारण वाल्देनेब्रोंच्या पणजोबांच्या नावानं शहरात एक रस्ता होता. रस्ता आखूड होता आणि पुढे बंद होता, पण होता.

वाल्देनेब्रोंना फाइलींशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना खांदा हवा होता.

पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकीत पासो निघतात. जड लाकडी चौकटीवर उभे केलेले संत, आणि खाली आठ खांदेकरी, चार पुढे, चार मागे. कडेचे लोकांना दिसतात, आयामाया त्यांच्याकडे बोट दाखवतात. मधले कुणाला धड दिसत नाहीत. वजन मात्र सगळ्यांवर सारखं. हा खांदा बापाकडून मुलाकडे जातो, आणि तो मिळावा म्हणून भली भली माणसं वर्षानुवर्षं ताटकळतात. कुणी चौकटीखाली गुडघे हळूच वाकवून आपलं वजन शेजाऱ्यावर ढकललं, तर त्याच्यासाठी गावात एक शब्द आहे: खांदाचोर. आईवरून दिलेली शिवी लोक एक वेळ विसरतात. हा शब्द नातवंडांनासुद्धा चिकटतो. डॉन लाउरेआनो एका पासोचे प्रमुख होते, त्यांचा पुढच्या कडेचा एक खांदेकरी यंदा पाठ धरून आडवा पडला होता, आणि त्या रिकाम्या जागेवर वाल्देनेब्रोंचा डोळा होता. फाइलींचं काम म्हणजे त्या जागेवर चढायची पायरी.

पहिल्या दिवशी त्यांनी खुणा काढायचा आपला प्रोग्रॅम चालू केला आणि ते केस कापायला गेले. थोड्याच वेळात खालून यादिराचा फोन आला. यादिरा म्हणजे दर्शनी दालनातली नोंद करणारी मुलगी.

"डोन्या नुबिया, संगणकाचा पडदा हलेना माझा! समोर माणसं पेटी खांद्यावर घेऊन उभी आहेत, आणि विचारतायत, आजोबांना न्यायचं कुठं?"

"त्यांना म्हणावं, टेकवा."

"टेकवलीय हो! पण आजोबांची सून म्हणतेय, जिवंतपणी रांगेत उभं केलंत, मेल्यावरही करता?"

नुबियानं वाल्देनेब्रोंचा प्रोग्रॅम उघडून वाचला. वाचता वाचता तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते देवळात नेण्यासारखं नव्हतं. या गृहस्थानं फाइलीतून एकेक अक्षर उचललं होतं. एक अक्षर मागायचं, ते यंत्राच्या लिपीतून टेबलावरच्या संगणकाच्या लिपीत उलथायचं, घुसळायचं, मग परत जाऊन पुढचं अक्षर मागायचं. बाजारातून तांदळाचं पोतं आणायला माणूस पाठवावा, आणि त्यानं एक दाणा चिमटीत धरून घरी यावं, दारावरच्या रखवालदाराला दाखवावा, मडक्यात टाकावा आणि पुन्हा बाजाराची वाट धरावी, तसं. रखवालदार बिचारा दमला होता, म्हणजे यंत्र. बाकीची सगळी गिऱ्हाइकं दारात खोळंबली होती. म्हणजे यादिरा, पेटी आणि पेटीतले आजोबा.

तिनं प्रोग्रॅम थांबवला. केस कापून वाल्देनेब्रो परत आले तेव्हा ती म्हणाली, "इंजिनिअर, तुम्ही एकेक अक्षर उचलताय."

"मग? फाइल अक्षरांचीच असते, डोन्या नुबिया."

"भातही शितांचाच असतो. तुम्ही शितं मोजून जेवता?"

"यंत्र जुनाट आहे," वाल्देनेब्रोंनी आरशाऐवजी खिडकीच्या काचेत मान वळवून पाहिली. "माझ्या मांडीवरच्या संगणकात हे डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं असतं."

"यंत्राला नावं ठेवू नका. एका दमात भला मोठा घास घ्या, लिपी उलथू नका, जसा आहे तसा घ्या. आणि घुसळायचं काम स्वतः करू नका. ते या यंत्राच्या पोटात घडवतानाच घातलेलं आहे, नुसतं सांगायचं असतं. जेवताना चमचा तुमचा, पण पचवायला पोट त्याचं."

"हो हो. तेच करणार होतो."

'तेच करणार होतो' हे वाक्य वाल्देनेब्रो कुटुंबाच्या मानचिन्हाच्या ढालीवर कोरायला हरकत नाही, असं नुबियाच्या मनात आलं. वर एक सिंह काढावा. झोपलेला.

दोन दिवसांनी अत्तर आलं तेव्हा त्यामागे चमत्कार होता. वाल्देनेब्रोंनी डॉन लाउरेआनोंना वर बोलावलं, सोबत एम्पानादा, म्हणजे बटाटा-शेंगदाण्याचं पिपियान भरलेल्या तळलेल्या करंज्या, मागवल्या, शेंगदाण्याची तिखट चटणी मागवली. सगळ्यांच्या हातात एकेक एम्पानादा दिली आणि बटण दाबलं. डॉन लाउरेआनोंचा पहिला घास गिळून व्हायच्या आत पडद्यावर ओळी सरसर उतरल्या: जुळली, जुळली, जुळली. शेवटपर्यंत जुळली.

"वा!" डॉन लाउरेआनो म्हणाले. त्यांच्या मिशीला चटणी लागली होती. "परवा तर सबंध दुकान बंद पाडलं होतंत, डॉक्टर!"

गावात टाय बांधलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणायची रीत आहे. वाल्देनेब्रोंनी ते औषधासारखं नाही, मिठाईसारखं घेतलं.

"कार्यक्षमता, डॉन लाउरेआनो. आधुनिक पद्धत."

"नुबिया, शुक्रवारी सही करून टाक. आणि तुम्ही, डॉक्टर, रविवारी खांद्याची उंची मोजायला देवळात या. पुढची कड रिकामी आहे."

वाल्देनेब्रोंचे डोळे पाणावले. चटणी तिखट होती हेही खरं.

नुबियाला आधी राग आला तो तिचीच युक्ती चोरल्याचा. मोठे घास घे म्हटलं तर इतके मोठे घेतले? पण तिचा हिशेब तिला गप्प बसू देईना. कितीही मोठा घास घेतला तरी इतक्या फाइली पोटात जायला एका एम्पानादापेक्षा जास्त वेळ लागतो. ती कालीच्या यंत्राला जोडली गेली, आणि तिनं आईचं नाव घातलं. रोसा एल्विरा ञाञेस.

अशी कुणी मृत व्यक्ती नाही, असं उत्तर आलं.

तिनं कोनाड्याच्या क्रमांकावरून शोधलं. कोनाडा होता. कोनाड्यात रोसा एल्विराही होती. पण ञाञेसमधल्या दोन्ही ञ च्या जागी जाळी उभी होती: #. न च्या डोक्यावर नागमोडी रेघ दिली की स्पॅनिशमधला ञ होतो. ती अक्षरंच्या अक्षरं गायब होऊन तिथे तुरुंगाच्या खिडकीसारखी दोन चिन्हं. तिनं खाली पाहिलं. मुञोस मंडळी जाळीआड. किञोनेस जाळीआड. पेञा, कास्ताञेदा, ओर्दोञेस, अर्धं कबरस्तान जाळीआड.

हे कसं झालं ते समजायला तिला अर्धा घोट तिंतो पुरला. एका यंत्रातून उचलून दुसऱ्यात ठेवायची या यंत्रांची स्वतःची, वर्षानुवर्षांची वाट आहे. टेपवरून, जसंच्या तसं. वाल्देनेब्रोंना ती वाट म्हाताऱ्यांची वाटली. त्यांनी फाइली आपल्या मांडीवरच्या संगणकातून नेल्या. जाताना स्पॅनिश अक्षरतक्त्यानं उलगडल्या, परत घालताना अमेरिकी तक्त्यानं गुंडाळल्या, आणि या दोन तक्त्यांत ञ आणि जाळी यांनी एकमेकांच्या खुर्च्या बळकावलेल्या आहेत. उत्तर अमेरिकेत कुणाचं नाव ञाञेस नसतं. त्यांचं काही अडत नाही.

पण मग खुणा जुळल्या कशा? एक अक्षर हललं तरी बदलणारी खूण, आणि इथं हजारो हललेत!

तिनं वाल्देनेब्रोंचा नवा प्रोग्रॅम उघडला, आणि या वेळी ती मोठ्यानं हसली. इतक्या मोठ्यानं की खालच्या दालनातल्या विधवेनं वर पाहिलं. प्रोग्रॅम फाइलीची लांबी बघत होता. पहिली ओळ बघत होता. शेवटची ओळ बघत होता. बस्स. मधल्या मुलखात पाऊलच नव्हतं. पहिला मृत अबादीया नावाचा, शेवटचा कुणी एक सोलार्ते, दोघांच्याही नावात ञ नाही. त्या दोघांच्या भरवशावर बाकी सगळ्यांचे स्वर्ग-नरक जुळले होते.

"नमुना तपासणी," वाल्देनेब्रो दुसऱ्या दिवशी म्हणाले. "जगभर करतात."

"जगभर जे करतात ते नमुने मधूनही उचलतात, इंजिनिअर. तुम्ही दार आणि परसदार बघून घर झाडलं म्हणताय."

"ती जाळी नुसती दिसण्यापुरती आहे. मेलेला माणूस कशाला येतोय अक्षरं मोजायला?"

"ईस्टरनंतर भिंत पाडणार आहेत. नाव जुळलं नाही तर खड्डा."

"मग हाताने दुरुस्त करू. ईस्टरनंतर." त्यांनी आवाज खाली आणला. "डोन्या नुबिया, माझ्या आजोबांचा खांदा होता त्या पासोखाली. बाबांना मिळाला नाही. एका नागमोडी रेघेपायी माझा घालवू नका."

नुबियानं त्यांच्याकडे पाहिलं. खांद्याविषयी बोलताना हा माणूस खरं बोलत होता, हे तिला दिसलं. आणि त्यामुळे तिचा तिरस्कार कमी व्हायच्या ऐवजी आणखी पक्का झाला. खरी इच्छा होती, आणि तिच्यासाठी खरं काम करायची तयारी नव्हती.

ती डॉन लाउरेआनोंकडे गेली. ते देवळात होते, चौकटीचं लाकूड ठोकून बघत.

"खुणा जुळल्या की नाही?" त्यांनी विचारलं.

"जुळल्या, पण त्या..."

"जुळल्या ना! मग सही कर, पोरी. कोडी घालू नकोस. इथं माझा संत एका बाजूला कलतोय आणि तू मला अक्षरं सांगतेस."

घरी जाताना नुबियानं मालक आणि इंजिनिअर या दोघांना एकाच पेटीत घातलं आणि झाकण लावलं. मनातल्या मनात. शुक्रवारी सही करायची नाही हे ठरलं होतं. पण तिनं सही केली नाही तर वाल्देनेब्रो स्वतः करतील, आणि तबकड्या कोऱ्या होतील, हेही तिला ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी सोइलो ओर्दोञेस गेले.

सोइलो म्हणजे सांतो दोमिंगोच्या देवळातले गाणारे म्हातारे. पवित्र शुक्रवारी क्रुसावरच्या सात वचनांवर प्रवचन होतं. पाद्री एकेका वचनावर बोलायचे, चांगलं शिकलेलं बोलायचे. आणि त्यांचं बोलून झालं की सोइलो तेच गाऊन सांगायचे, आणि लोकांना जे कळायचं ते सोइलोंकडून. 'मला तहान लागली आहे' हे ते असं म्हणायचे की नुबियाची आई दरवर्षी नकळत घसा पुसायची. लहानपणी नुबिया त्यांच्या गायनवर्गात होती. पोरं गाताना शब्दांची शेपटं गिळायची, तेव्हा सोइलो काठी आपटून म्हणायचे, "एक अक्षर गिळायचं नाही! देव बहिरा नाही रे; पण शेवटच्या बाकावरची म्हातारी आहे."

यादिरानं फोन केला. "डोन्या नुबिया, डॉन सोइलोंची नोंद करतेय. ओर्दोञेस, ञच लिहायचा ना?"

"ञच लिही," नुबिया म्हणाली. ती रडत होती, आणि रडता रडता एकदम थांबली. नोंदी आल्या क्रमानं ठेवलेल्या असतात. आज नोंदलेला माणूस सगळ्यांच्या खाली जातो. म्हणजे आता फाइलीतली शेवटची ओळ सोइलो ओर्दोञेस यांची होती.

तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. "उस्ताद," ती पुटपुटली, "एकदा शेवटच्या बाकावरून गा."

शुक्रवारी डॉन लाउरेआनो घाईत होते. त्यांना देवळात परत जायचं होतं. सहीचा कागद टेबलावर होता. वाल्देनेब्रोंनी खास पेन आणलं होतं.

"एक विनंती आहे," नुबिया म्हणाली. "कालपर्यंतच्या नोंदी धरून इंजिनिअरसाहेबांनी एकदा पुन्हा न्याव्यात आणि पुन्हा तपासाव्यात. मग मी लगेच सही करते."

"हजारदा तपासतो!" वाल्देनेब्रो म्हणाले. "तिंतो थंड व्हायच्या आत."

त्यांनी त्यांच्याच वाटेनं, त्यांच्याच मांडीवरून, फाइली पुन्हा पाठवल्या. बटण दाबलं. जुळली, जुळली, जुळली. मग पडदा एका ओळीवर थबकला. दफनाच्या नोंदी: जुळत नाही.

"यंत्र तापलं असेल," वाल्देनेब्रो म्हणाले.

"आणखी एकदा दाबा," डॉन लाउरेआनो म्हणाले.

जुळत नाही.

नुबियानं दोन्हीकडची शेवटची ओळ शेजारी शेजारी आणून ठेवली. डॉन लाउरेआनोंनी चष्मा चढवला. एकीकडे सोइलो ओर्दोञेस. दुसरीकडे तेच नाव, मधोमध जाळी. त्यांच्या पासोपुढे सोइलोंनी आयुष्यभर गायलेलं होतं.

"हे काय केलंय माझ्या सोइलोचं?"

"एकच नाव आहे," वाल्देनेब्रो घाईघाईनं म्हणाले. "एक अक्षर! आत्ता हातानं बदलतो."

"एकच का?" हे डॉन लाउरेआनोंनी नुबियाला विचारलं.

"एकच दिसलं, कारण ते शेवटच्या ओळीत आहे. इंजिनिअरसाहेबांचा प्रोग्रॅम पहिली ओळ बघतो आणि शेवटची."

"आणि मधल्या?"

डॉन लाउरेआनोंनी वाल्देनेब्रोंकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्याकडे पाहिलं, जसं घोड्याच्या पायाकडे बघतात.

"डॉक्टर, मी विचारलं, मधल्या?"

"नमुना..."

"म्हणजे कडेचे दोघं उभे, आणि मध्ये कुणी वजन घेतलंच नाही." त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "माझ्या घरात याला एक शब्द आहे. तुमच्या आजोबांना तो कुणी कधी म्हटला नव्हता."

तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. जिन्यात उभं राहून ऐकणाऱ्या यादिराच्या तोंडून मात्र तो हळूच निसटला, आणि दुपारपर्यंत तो बाजारापर्यंत पोचला.

नुबियाचा स्वतःचा प्रोग्रॅम तयार होता. राग आला की ती लिहायची. मोठा घास, लिपीला हात नाही, घुसळणं यंत्राच्या पोटात. तो चालू असताना खाली यादिरा नोंदी करत होती आणि तिला काही जाणवलंसुद्धा नाही. डॉन लाउरेआनो खुर्चीत बसून अर्धा चुरूट ओढेस्तोवर सगळ्या फाइली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, घुसळून झाल्या. यादी उतरली: जुळत नाही, जुळत नाही, जुळत नाही. त्यांनी उरलेला चुरूट विझवला.

"आता?"

"आता म्हाताऱ्यांची वाट," नुबिया म्हणाली.

टेप भरली. कालीला एक पार्थिव घेऊन शववाहिका निघणारच होती. चालकाच्या शेजारच्या सीटवर टेपची पेटी ठेवली आणि तिला पट्टा बांधला. चालक म्हणाला, "मागे एक आणि पुढे सगळेच. असं कधी नेलं नव्हतं." संध्याकाळी कालीहून फाइली उतरल्याचा निरोप आला. नुबियानं दोन्हीकडे खुणा काढल्या. सगळ्या जुळल्या. तरीही तिनं आईचं नाव घालून पाहिलं. रोसा एल्विरा ञाञेस, वरची ओळ, दोन्ही नागमोडी रेघा जागच्या जागी. मग तिनं सही केली. वाल्देनेब्रोंच्या पेनानं नाही.

शनिवारी सकाळी सोइलोंना नेलं. पेटी जुन्या पद्धतीची, जाड लाकडाची, आणि सोइलो आडव्या अंगाचे. उचलणाऱ्यांच्या माना फुगल्या. पुढच्या कडेला डॉन लाउरेआनोंनी स्वतः खांदा दिला. मध्ये एक जागा मोकळी होती. त्यांनी मागे वळून पाहिलं. वाल्देनेब्रो काळा सूट घालून गर्दीत दिसतील अशा बेतानं उभे होते.

"डॉक्टर," डॉन लाउरेआनो म्हणाले. "पासोचा खांदा विसरा. मिरवणुकीत तुमच्या हातात काठी देणार आहे, मेणबत्त्यांचं गळलेलं मेण खरवडायची."

"ते शाळकरी पोरांचं काम आहे, डॉन लाउरेआनो!"

"पोरं मन लावून करतात. त्यांच्याकडून शिका. आणि आत्ता इथं या. मध्ये."

मध्ये कुणी बघत नाही. वाल्देनेब्रो मध्ये शिरले. सबंध गाव वाटेच्या दोन्ही बाजूंना होतं आणि एकाचीही नजर त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. देवळापासून कबरस्तानापर्यंत चढ आहे. पहिल्या वळणावर त्यांच्या मानेवर घामाची रेघ उतरली. दुसऱ्या वळणापर्यंत अत्तराचा मागमूस उरला नाही. पुढे गायनवर्गातली जुनी मंडळी सोइलोंचंच पद म्हणत होती, एकही अक्षर न गिळता.

नुबियाही गात होती. पेटीच्या अगदी मागोमाग, हातात मेणबत्ती, डोळ्यांत पाणी. पण म्हाताऱ्या उस्तादाकरता रडता रडता तिची नजर त्या मधल्या खांद्यावरून एकदाही हलली नाही. तो लाकडाला टेकलेला आहे की नुसता खाली धरलेला, हे ती कबरस्तानाच्या फाटकापर्यंत तपासत गेली.